ओपस १० क्र. ३ : आधी अंगठा आवरा

संगीतकार शोपँच्या पियानोवरच्या ई मेजर एट्यूडमध्ये (सरावासाठीची रचना; ओपस १० या संचातली तिसरी) वरची चाल दबते आणि मधले सूरच जास्त ऐकू येतात, ही अनेकांची अडचण माझ्या चांगलीच ओळखीची. इथे उजव्या हाताला दोन कामं एकदम करायची असतात: चाल ३-४-५ या बोटांवर (अंगठा १, करंगळी ५), आणि तिच्याखालची झुळझुळ बहुतेक अंगठा-तर्जनीवर. अंगठा जात्याच जड. करंगळी जोरात आपटून सूर फक्त कर्कश होतो, म्हणून कमी करायचा तो अंगठा.

मी चाल लेगाटो (सूर सलग जोडून) ठेवून आतले सूर तुटक, अगदी हलके वाजवायचो. मग त्या पट्ट्यांना नुसता स्पर्श, आवाज काढायचाच नाही. हाताचं वजन किंचित करंगळीकडे झुकवलं की फरक लगेच कळतो. (सूर लांबवणाऱ्या पेडलला पायही लावायला नको, ते सगळं झाकतं.)

बोटांचे आकडे छापलेत म्हणून पाळू नका, पण ते शोपँचे की संपादकाचे हे जरूर पाहा. ओपस १० क्र. २ मध्ये शोपँनं जवळजवळ प्रत्येक सुरावर बोट लिहिलंय. ३, ४, ५ एकमेकांवरून ओलांडतात. तीच युक्ती इथे चाल जोडायला कामी येते: चाल चढताना काळ्या पट्टीवरच्या चौथ्या बोटावरून पुढच्या पांढरीवर पाचवं न ताणता तिसरं टाकून बघा.

मधल्या भागातल्या सहाव्यांच्या (सहा सुरांच्या अंतरावरच्या दोन सुरांच्या) जोड्यांची बोटं मात्र वेगात वाजवूनच ठरवा. संथ लयीत कुठलीही बोटं सोयीची वाटतात.