इंग्रजी शब्द पाठ होतात, पण वापरता येत नाहीत: तुमची पद्धत सांगा

शब्दवेल्हाळ
जीआरईच्या (परदेशी उच्चशिक्षणासाठीच्या प्रवेशपरीक्षेच्या) तयारीची एक वही समोर आली आणि शाळेतल्या दोन रकान्यांच्या वह्या आठवल्या. डावीकडे 'मिटिगेट', उजवीकडे 'कमी करणे'. एवढ्यावर वाक्य करायला बसलं की मुलं 'वजन मिटिगेट केलं' असं लिहितात. व्याख्या बघा: वाईट गोष्टीची तीव्रता किंवा हानी कमी करणे. म्हणून पुढे रिस्क, इम्पॅक्ट, डॅमेज असलेच शब्द येणार. व्याख्या आणि उदाहरणवाक्यं धरून शिकणारे-शिकवणारे इथे बरेच आहेत, लिहा. तुटक लिहिलं तरी चालेल.

खडूफळा
उजळणीसाठी शब्दांची कार्डं करताना पुढच्या बाजूला शब्द लिहूच नका. वाक्य लिहा आणि शब्दाची जागा रिकामी ठेवा: 'द सी वॉल विल ___ द इफेक्ट्स ऑफ फ्लडिंग'. इथे 'रिड्यूस'ही बसतं, म्हणून पहिलं अक्षर 'एम' द्यायचं. मागे शब्द, व्याख्या, उच्चार आणि नाम-विशेषणाची रूपं. एका कार्डावर एकच अर्थ. 'सँक्शन' म्हणजे मंजुरीही आणि निर्बंधही, त्याची दोन कार्डं हवीत. एकत्र लिहिलं की नेमका नको तो अर्थ आधी आठवतो.

वाक्य निवडतानाही बघा. 'ही इज अॅन ऑब्सीक्विअस मॅन' या वाक्याचा काही उपयोग नाही, तिथे कुठलंही विशेषण बसेल. साहेबांचा विनोद संपायच्या आधीच हसणारा, प्रत्येक वाक्याला मान डोलावणारा माणूस वाक्यात दिसला तर लाळघोटेपणा कळतो. वाक्यातच शब्दाचं कारण हवं.

माजघर
+१. कुकर लावलाय, सविस्तर नंतर. एकच सांगते, कोशातली बारीक अक्षरं वाचा. क्रियापदापुढे 'टी' असेल तर कर्म लागतं, 'आय' असेल तर नाही. नामापुढे 'यू' असेल तर अनेकवचन करायचं नाही. 'एव्हिडन्सेस', 'इक्विपमेंट्स', 'अॅडव्हाइसेस' हे सगळं तिथेच अडतं.

पानगळ
कोश कुठला घ्यायचा पण? घरातला जुना इंग्रजी-मराठी चालेल का?

खडूफळा
पडताळायला चालेल, शिकायला लर्नर्स डिक्शनरीच घ्या, म्हणजे इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी केलेला इंग्रजी-इंग्रजी कोश. लाँगमनचा १९७८ साली आला, त्यात व्याख्या सुमारे २००० सोप्या शब्दांतच लिहिल्या होत्या. व्याख्येतला शब्द शोधायला परत कोश उघडावा लागत नाही. कोबिल्ड १९८७ चा. त्यात व्याख्याच पूर्ण वाक्यात असते, त्यामुळे कर्ता कोण आणि कर्म काय हे तिथेच दिसतं. माझं मत विचाराल तर अडलेल्या क्रियापदांसाठी कोबिल्डच.

माजघर
पानगळ, पुण्यात असाल तर अप्पा बळवंत चौकात जुनी आवृत्ती विचारा. शब्दांसाठी दहा वर्षं जुनी आवृत्तीसुद्धा पुरते. फक्त बांधणी बघून घ्या, मधली पानं सुटलेली असतात.

पानगळ
नाशिकला आहे हो ताई :) बघते इथेच.

उजळणी
सारखे दिसणारे शब्द एका दिवशी घेऊ नका, हे सगळ्यांना कळकळीने सांगणं. 'मिटिगेट' आणि 'मिलिटेट' (एखाद्या गोष्टीच्या आड येणे) जोडीने घेतले की दोन्ही कायमचे गुंततात. आधी एक पक्का करा, दुसरा दोन-तीन आठवड्यांनी, आणि तोही 'मिलिटेट अगेन्स्ट' असा अख्खा.

उजळणीची अंतरं साधारण १, ३, ७, १६, ३५ दिवस. 'अंकी' हे उजळणीच्या कार्डांचं अॅप वापरत असाल तर नवीन शब्द रोज १० पेक्षा जास्त नकोत. २० ठेवले की थोड्याच आठवड्यांत उजळणीचा ढीग साचतो, आणि मग लोक अॅपच काढून टाकतात. अँड्रॉइडवर फुकट आहे. आयफोनवर पैसे पडतात, पण ब्राउझरमधून फुकट चालतं.

दूरदेशी
शब्दाचा सूर कुणी सांगितला नाही अजून. 'सेट इन' म्हणजे सुरू होणे, बरोबर. पण उदाहरणं वाचत जा: रॉट, डिके, डिस्पेअर, इन्फेक्शन. बहुतेक नकोशाच गोष्टी 'सेट इन' होतात. भाषाशास्त्रज्ञ जॉन सिंक्लेअर यांनी हे खऱ्या मजकुराच्या मोठ्या साठ्यातून दाखवलं. म्हणून एका शब्दाची किमान तीन-चार वाक्यं वाचा, एका वाक्यातून सूर कळत नाही.

धातू-उपसर्गावरून अंदाज बांधणाऱ्यांनो, 'इनव्हॅल्युएबल' म्हणजे अमूल्य, बिनकिमतीचं नव्हे!

शब्दवेल्हाळ
दूरदेशी, सुरेख. जीआरईच्या सेंटेन्स इक्विव्हॅलन्स या रिकाम्या जागेच्या प्रश्नालाही हेच लागतं. सहा पर्यायांतले दोन शब्द निवडायचे, आणि दोन्ही बरोबर असतील तरच गुण. पर्यायांत समानार्थी जोडी दिसली म्हणून खूण करू नका. वाक्यात न बसणारी जोडी मुद्दाम ठेवलेली असते. पर्याय झाकून आधी आपला शब्द मनात भरा, मग बघा.

पानगळ
आणि उच्चार? कोशात मधेच उभी रेघ असते ती कशाची?

माजघर
आघाताची. वरची रेघ शब्दाच्या ज्या अवयवाच्या (सिलॅबलच्या) आधी असते त्यावर जोर द्यायचा, रेघेच्या मागच्यावर नाही. 'मिटिगेट'मध्ये 'मि'वर, 'ऑब्सीक्विअस'मध्ये 'सी'वर. खाली रेघ असेल तर हलका जोर.