'बायोमार्कर'ला लक्षण म्हणावं का?

प्रश्न (लातूर)
गावातल्या तपासणी शिबिरासाठी किडनीच्या आजारावर पत्रक लिहितेय. 'बायोमार्कर' म्हणजे रक्तात-लघवीत मोजून आजार दाखवणारी गोष्ट, त्यासाठी मी 'लक्षण' लिहिलं होतं. माझी बहीण डायलिसिस विभागात काम करते, तिनं ते खोडलं. पण दुसरा शब्द तिलाही सुचेना. आणि 'मूत्रपिंड' लिहू की 'किडनी'?

उत्तर (अंबाजोगाई)
ताई, खोडलं ते बरंच केलं. लक्षण रोग्याला जाणवतं: पाय सुजतात, धाप लागते, मळमळतं. किडनीच्या जुनाट आजारात हे फार उशिरा येतं. किडनी रक्तातून गाळून टाकते तो कचरा म्हणजे क्रिएटिनिन; निम्मं काम बंद पडेस्तोवर रक्तातलं तेही पुष्कळदा मर्यादेतच दिसतं. पत्रकात 'लक्षण' वाचून माणूस म्हणणार, मला तर काहीच होत नाही, तपासू कशाला? मार्कर जाणवत नाही, मोजावा लागतो. लेखात 'जैवदर्शक' चालेल. पत्रकात मी 'खूण' लिहीन. डुक्कर कुणाला दिसत नाही, पण सकाळी चिखलात खुरं उमटलेली दिसली की रात्री रानात येऊन गेलं हे कळतंच ना?

उत्तर (परभणी)
'खूण' पटला. पण खूण एकतर असते नाहीतर नसते, हे आकडे माणसागणिक बदलतात. क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होतं. तेच १.१ (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) पंचविशीतल्या पोराचं असेल तर क्रिएटिनिन, वय आणि लिंग धरणाऱ्या २०२१ च्या सूत्रानं किडनीचा रक्त गाळण्याचा वेग मिनिटाला ९५ मिलिलिटरच्या आसपास येतो, सत्तरीच्या आजीचं असेल तर ५४. हा वेग तीन महिने ६० च्या खाली राहिला की जुनाट आजार धरतात. म्हणून 'क्रिएटिनिन नॉर्मल' एवढंच लिहून थांबू नका. संशोधक सिस्टॅटिन सी हे रक्तातलं दुसरं प्रथिन मोजतात तेही याचसाठी, ते स्नायूंवर फारसं अवलंबून नसतं. आणखी एक: क्रिएटिनिन वाढणं वाईट, वेग घटणं वाईट. हे ठळक लिहा, लोक इथं हमखास गोंधळतात. किडनीला 'चाळणी' तर मुळीच म्हणू नका. चाळणी धान्याची, पातळ पदार्थाला गाळणी.

उत्तर (छत्रपती संभाजीनगर)
'किडनी'च लिहा. 'मूत्रपिंड' वाचून कित्येक जण मूत्राशय समजतात. माझी आजी 'गुर्दे खराब झाले' म्हणायची. निजामाच्या राज्यात कारभार उर्दूत चाले, हा फारसी शब्द त्याच वाटेनं घरात रुळला असावा. आता गुर्दा खाटकाच्या दुकानात कलेजीशेजारी उरलाय. 'मुतखडा' मात्र बदलू नका, तो सगळ्यांना कळतो.

प्रश्नकर्ती
'खूण' घेतला. पण दुसरीच अडचण आली. 'लघवीतून प्रथिनं जातात' हे वाक्य वाचून एका काकांनी हळूच विचारलं, "म्हणजे धातू (वीर्य) जातो का?" नंतर ते तपासणीला आलेच नाहीत. मला फार वाईट वाटलं.

उत्तर (अंबाजोगाई)
'जातात' या क्रियापदानं घात केला, ताई. आपल्याकडं 'जाणं' ऐकलं की मन तिकडंच वळतं. प्रथिनाचं नावच घ्या: अल्ब्युमिन. लॅटिनमध्ये 'अल्बस' म्हणजे पांढरा, अंड्याच्या पांढऱ्यावरून हे नाव आलं. तापवलं की तो गोठतो, आणि पूर्वी लघवी तापवूनच हे प्रथिन ओळखत. रिचर्ड ब्राइट यांनी १८२७ मध्ये अंगावरची सूज, अशी लघवी आणि बिघडलेल्या किडन्या यांची सांगड घातली. पत्रकात असं लिहा: 'गाळणी खराब झाली की रक्तातलं अल्ब्युमिन लघवीत उतरतं. बाई असो की पुरुष, दोघांतही हे होतं. धातूशी याचा काही संबंध नाही.' आणि त्या काकांना निरोप धाडा.