मदत हवी आहे : एफआयआरमधली ठिकाणं नकाशावर कशी बसवायची?

नमस्कार मंडळी. मी सांगलीत भूगोलात एमएस्सी करतेय. प्रकल्पाचा विषय आहे सांगली-मिरज-कुपवाडमधल्या घरफोड्यांचा नकाशा. पोलिसांच्या संकेतस्थळावरचे एफआयआर वाचून क्यूजीआयएस या नकाशे बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये बिंदू टाकतेय.

अडचण पत्त्यांची आहे. ‘विश्रामबाग, मंदिरामागे’ एवढंच लिहिलेलं असतं. फॉर्ममध्ये पोलीस ठाण्यापासूनची दिशा आणि अंतर असतं, पण ‘पूर्वेस २ किमी’ म्हणजे अख्खी कॉलनी आली! असे बिंदू अंदाजे ठेवले तर हॉटस्पॉट (गुन्हे जास्त दिसणारी जागा) भलतीकडेच दिसेल ना? बीट (पोलीस ठाण्याच्या हद्दीतला गस्तीचा छोटा भाग) क्रमांकानुसार एकत्र करावं का? बीटच्या हद्दीचा नकाशा सर्वसामान्यांना मिळतो का? इथे कुणी निवृत्त पोलीस असतील तर कृपया सांगा.

दुसरी काळजी जास्त मोठी आहे. लॉस एंजेलिसचे पोलीस प्रेडपॉल नावाचं गुन्ह्यांचं भाकीत करणारं सॉफ्टवेअर वापरायचे. जुन्या गुन्ह्यांचा प्रकार, जागा आणि वेळ घेऊन ते साधारण १५० मीटरच्या चौकोनांत पुढचा धोका दाखवायचं. २०२० मध्ये त्यांनी ते बंद केलं, आणि त्याच वर्षी अमेरिकेतल्याच सांताक्रूझ शहराने अशा भाकितांवर बंदीच घातली. बंदीमागचं कारण पटण्यासारखं आहे : जिथे गस्त जास्त तिथे नोंदी जास्त, मग सॉफ्टवेअर पुन्हा तिथेच बोट दाखवतं. आपल्याकडे तर बरेच लोक किरकोळ चोरीची तक्रारच देत नाहीत. माझ्या नकाशामुळे एखाद्या वस्तीवर उगाच शिक्का बसू नये, असं मनापासून वाटतं. न नोंदलेले गुन्हे कुणी अभ्यासात कसे धरलेत?