डर्बीच्या रविवारी महालक्ष्मीला काय बघायचं?

प्रेषक: बंड्या, टार्नेट

नमस्कार मंडळी,

फेब्रुवारीच्या सुरुवातीला भाचीच्या लग्नासाठी आम्ही दादरला असणार आहोत. लग्न शुक्रवारी, आणि लगेच रविवारी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर इंडियन डर्बी, म्हणजे घोड्यांची मोठी रेस. आपल्या मेलबर्नच्या मंडळातली आणखी दोन कुटुंबं तेव्हा मुंबईतच आहेत, म्हणून सगळ्यांनी मिळून जायचं चाललंय. मेलबर्न कपच्या वेळी ऑफिसात चिठ्ठ्या काढतो, ज्याच्या वाट्याला जो घोडा येईल तो त्याचा. या वेळी मात्र नीट समजून घेऊन रेस बघायची इच्छा आहे. नानाकाका हिवाळाभर ताडदेवला असतात असं ऐकलं. काका, घोडा सांगाच, पण कसं बघायचं तेही सांगा. आणि आई विचारते, लहान मुलांना घेऊन जाण्यासारखं असतं का?

बंड्या

*

प्रेषक: नाना, मुक्काम ताडदेव

प्रिय बंड्या आणि मंडळी,

जरूर या. आईंना सांग, डर्बीला घरची सगळी मंडळी येतात, आजीपासून नातवापर्यंत. अठरा वर्षांखालच्यांनी पैसे लावायचे नाहीत, बाकी मुलांना घोडे बघायला याहून चांगली जागा मुंबईत नाही. महालक्ष्मी स्टेशनला उतरा आणि केशवराव खाड्ये मार्गाने चालत या. त्या दिवशी हाजी अलीच्या बाजूने गाडी घेऊन येणं म्हणजे पहिल्या दोन रेसवर पाणी सोडणं.

तुम्ही मेलबर्नकर असल्यामुळे दोन गोष्टी आधी सांगतो, कारण त्या सांगताना मला फार आनंद होतो. महालक्ष्मीचा रेसकोर्स १८८३ सालचा, आणि तो बेतला गेला तुमच्या कॉलफिल्डच्या रेसकोर्सवरून. दुसरी गोष्ट पहिल्या डर्बीची. सन १९४३. जिंकली प्रिन्सेस ब्यूटिफुल नावाची घोडी, मालक बडोद्याचे गायकवाड महाराज आणि वर बसलेला जॉकी एडगर ब्रिट, ऑस्ट्रेलियाचा. याच जोडीने पुढे १९४७ साली इंग्लंडची सेंट लेजर ही रेस जिंकली आणि त्या घोड्याचं नाव होतं सयाजीराव! इंग्लंडच्या सर्वांत जुन्या क्लासिक (मानाच्या) रेसच्या विजेत्यांच्या यादीत 'सयाजीराव' हे नाव आहे, हे आपल्या किती लोकांना माहीत असतं? मंडळाच्या दिवाळी अंकात यावर कुणीतरी लिहायला हवं.

आता मुद्द्याचं. घोड्याचं नाव मी आज सांगत नाही. अंतिम यादी डर्बीच्या आठवड्यात लागते, कोण कितव्या गेटमधून सुटणार तेही तेव्हाच कळतं. त्याच्या आधी छातीठोकपणे नाव सांगणाऱ्याचं ऐकू नका. 'आतली खबर' घेऊन येणारा माणूस तुम्हाला रेसकोर्सच्या दारापासूनच भेटेल, त्याला नमस्कार करा आणि पुढे चला.

डर्बी २४०० मीटरची आणि फक्त चार वर्षांच्या घोड्यांची. तुमच्याकडे सगळ्या घोड्यांचा वाढदिवस १ ऑगस्टला, इथे १ जानेवारीला. त्यामुळे डिसेंबरात १६०० मीटरची टू थाउजंड गिनीज पळणारा तीन वर्षांचा घोडा फेब्रुवारीत चार वर्षांचा होऊन डर्बीला उभा राहतो. लोक काय करतात? गिनीज जिंकलेल्या घोड्याला डोळे मिटून फेव्हरेट करतात. मधले ८०० मीटर कुणी मोजत नाही. माझं सांगणं एवढंच की रेसबुक हातात आलं की कोण जिंकेल हा प्रश्न बाजूला ठेवा आणि आधी विचारा, पेस कोण लावणार, म्हणजे पुढे पळून रेसचा वेग कोण ठरवणार?

सगळं गणित त्यावर आहे. पुढे पळायची सवय असलेला एकही घोडा यादीत नसेल, तर पहिले १६०० मीटर सगळे आरामात येतात आणि शेवटच्या सरळ रस्त्यात नुसती पळापळ होते. तिथे गिनीजवाला वेगवान घोडा दम राखून असतो आणि अंतर त्याला जड जात नाही. पण दोन पुढे पळणारे एकमेकांना भिडले, किंवा एखाद्या मोठ्या ट्रेनरने आपल्या चार घोड्यांपैकी एकाला मुद्दाम पेस लावायला सोडलं (एकाच तबेल्याचे चार-पाच घोडे एका डर्बीत असणं इथे नवलाचं नाही), की रेस खरोखर २४०० मीटरची होते. मग शेवटच्या दोनशे मीटरला मायलर, म्हणजे १६०० मीटरपुरताच दम असलेल्या, घोड्याची टाप आखूड पडायला लागते, मान वर येते आणि मागून दमाचा घोडा एकेकाला गिळत येतो.

म्हणून मागच्या रेसचे आकडे बघताना एकूण वेळेवर थांबू नका. शेवटचे ६०० मीटर कोणी किती सेकंदांत काढले ते बघा. गिनीजमध्ये चौथा आलेला, पण रेस संपताना सगळ्यांत जोरात येत असलेला घोडा मला पहिल्या नंबरवाल्यापेक्षा जास्त आवडतो. आईबाप बघा. रझीन किंवा मल्टिडायमेन्शनलसारख्या सायरची, म्हणजे बापघोड्याची, पिल्लं लांब अंतराला टिकली हे सगळ्या हिंदुस्थानने पाहिलंय, पण आईचं घराणं नुसत्या १२०० मीटरवाल्यांचं असेल तर मी बिचकतो. बंगळूर-हैदराबादहून येणाऱ्या घोड्यांना कमी लेखू नका. २०१६ चा डेझर्ट गॉड बंगळूरच्याच तबेल्याचा होता.

ट्रॅकचं सोपं आहे. मेलबर्नला सकाळी ऊन, दुपारी पाऊस आणि संध्याकाळपर्यंत सगळे अंदाज चुकलेले. मुंबईला फेब्रुवारीत पाऊस नाही. रेसकोर्स चालवणारा क्लब पाणी मारून गवत राखतो आणि त्या दिवशीचा पेनेट्रोमीटरचा (जमीन किती कडक ते मोजणाऱ्या यंत्राचा) आकडा जाहीर करतो. चिखलात पोहणारे घोडे शोधायची गरज नाही.

बाकीच्या रेसविषयी फार सांगत नाही. हँडिकॅपमध्ये, म्हणजे चांगल्या घोड्यावर जास्त वजन देतात त्या रेसमध्ये, वजनं बघा, १६०० मीटरला एक लांबी (घोड्याच्या अंगाएवढं अंतर) म्हणजे साधारण एक किलो असा जुन्या लोकांचा आडाखा आहे. हजार-बाराशे मीटरच्या रेसमध्ये गेटमधून कोण झटकन सुटतं तेवढं बघितलं तरी पुरे.

तुझा,
नानाकाका

*

प्रेषक: माई, ग्लेन वेव्हर्ली

नाना, पत्र वाचून डोळ्यांपुढे ते हिरवं गवत आलं. पण तुम्ही घोड्यांबद्दल एवढं लिहिलंत आणि घोड्यांकडे बघायचं कसं ते राहिलंच! बंड्या, माझं ऐक. आमचं घर डिलाईल रोडला, दादा रेसला जायचे ते डब्यातली पोळीभाजी घेऊन आणि बेटिंगच्या खिडकीपेक्षा पॅडॉकच्या कठड्यालाच जास्त वेळ उभे असायचे. त्यांनी जे शिकवलं ते सांगते.

रेसच्या आधी पॅडॉकमध्ये मोतद्दार लगाम धरून घोड्यांना गोल फिरवत असतात. तिथे पुढे जाऊन उभा राहा. घोडा चालतो कसा ते बघ. मागचा खूर पुढच्या खुराच्या उमटलेल्या ठशाच्याही पुढे पडतोय का? मोकळ्या अंगाचा घोडा असाच चालतो. कातडी तेल लावल्यासारखी चमकते का, बरगड्या अगदी पुसट दिसतायत का, मागचे पुठ्ठे भरलेले आहेत का. पोट खपाटीला गेलेलं असेल तर प्रवासाने किंवा मेहनतीने तो ओढला गेलाय. मानेवर थोडा घाम मुंबईत चालतो, पण मागच्या पायांच्या मधे पांढरा फेस आला असेल आणि तोंड सारखं हलत असेल, तर त्याची अर्धी शक्ती तिथेच संपली. कान बघ. शांत घोड्याचे कान इकडेतिकडे वळत असतात, आजूबाजूचं ऐकत असतात. २४०० मीटरला डोकं थंड असणाराच टिकतो.

आणि नाना, घोड्यांच्या नादात तुम्ही घोड्यांना विसरलात, म्हणजे माद्यांना! पहिली डर्बी घोडीने जिंकली असं तुम्हीच लिहिता. २०१० ला जॅकलिनने नरांना मागे टाकून डर्बी नेली. घोडीला वजनात दीड किलोची सूट मिळते, आणि लांब अंतराला ती सूट जास्त कामाला येते. ओक्स, म्हणजे फक्त माद्यांची रेस, २४०० मीटरचीच असते आणि डर्बीच्या थोडी आधी होते. म्हणजे ओक्स चांगली जिंकलेली घोडी उभी असेल तर तेवढं अंतर पुरं केल्याची खात्री तिच्यापाशी असते. माझी पसंती तिला. अट एकच, दोन रेसच्या मधे तिला पुरेशी विश्रांती मिळालेली हवी, आणि ते पॅडॉकमध्येच कळतं.

मुलं हमखास विचारतील की म्हाताऱ्या घोड्यांचं पुढे काय होतं. त्यांना परळचं हाफकिन इन्स्टिट्यूट दाखव. सापाच्या विषावरचं औषध घोड्याच्या रक्तापासून होतं आणि पूनावालांच्या स्टडमधले (घोड्यांच्या पैदास-फार्ममधले) निवृत्त घोडे हाफकिनला जायचे. त्यातूनच १९६६ साली पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. काही घोडे राइडिंग शिकवायच्या कामी येतात, अमॅच्युअर रायडर्स क्लब तर रेसकोर्सच्या आवारातच आहे.

माई

*

प्रेषक: बंड्या, टार्नेट

माई, नानाकाका, दोघांची पत्रं प्रिंट काढून बॅगेत टाकली. दोन शंका. पैसे लावायचे तर कशावर लावायचे? आणि तिथे आता बाग होणार, रेसकोर्स जाणार असं कुणी म्हणत होतं, ते खरं का?

*

प्रेषक: नाना, मुक्काम ताडदेव

माईंचं म्हणणं मान्य. ओक्सवाली घोडी पॅडॉकमध्ये शांत दिसली आणि समोर खरा पेस असेल, तर मीही तिच्याच बाजूला.

बंड्या, आधी कराचं लक्षात घे. सप्टेंबर २०२५ पासून रेसच्या पैजेवर ४० टक्के जीएसटी आहे आणि तो तू लावलेल्या पूर्ण रकमेवर बसतो, जिंकलेल्यावर नाही. सुप्रीम कोर्टाने १९९६ साली घोड्यांची रेस हा कौशल्याचा खेळ आहे असा निकाल दिला होता, तरी कर मात्र जुगाराच्या रांगेतला. मला हे मनापासून खटकतं, कारण ह्याचा भार साध्या पंटरवर, म्हणजे पैज लावणाऱ्यावर, पडतो आणि तो मैदान सोडून बेकायदा धंदेवाल्याकडे जातो. तेव्हा दर रेसला तिकीट काढू नका. टनाला नावाच्या पैजेत पहिले तिन्ही घोडे ओळीने ओळखायचे असतात, जॅकपॉटला सलग पाच रेसचे विजेते. पहिल्या भेटीत त्या वाटेला जायचं नाही. डर्बीला एक विन (घोडा पहिला येईल ही पैज), वाटलं तर दुसऱ्या एखाद्या घोड्यावर प्लेस (तो पहिल्या काही नंबरांत येईल ही पैज), आणि तेही घरातून निघताना वेगळे काढलेले पैसे. जिंकला तरी थोडेच पैसे देणारा फेव्हरेट आवडला तर बिनापैशाचा बघा, मजा कमी होत नाही.

रेसकोर्स जात नाही. २११ एकरांपैकी १२० एकर पालिकेच्या बागेला आणि ९१ एकर क्लबकडे, भाडेपट्टा २०५३ पर्यंत. मुंबईला मोकळी जागा हवीच आहे, बाग झाली तर मला आनंदच आहे. पण ट्रॅकला आणि सकाळच्या सरावाला धक्का लागता कामा नये, ह्यावर मी भेटेल त्याच्याशी वाद घालतो.

जमलं तर शनिवारी पहाटे मुलांना घेऊन सराव लांबून बघा. दोघं-दोघं जोडीने गवतावरून जातात, जमीन टापांनी हलते, आणि जॉकी हातात घड्याळ असल्यासारखे सेकंद मोजून घोडा चालवतात. पेस म्हणजे काय ते मुलांना माझ्या पत्रापेक्षा तिथे लवकर कळेल.

यादी लागली की गेटचे नंबर आणि पेस लावणाऱ्यांची नावं इथेच कळवतो. रविवारी पहिल्या रेसच्या अर्धा तास आधी पॅडॉकच्या कठड्यापाशी या, मी तिथे असेन. पाण्याच्या बाटल्या आणि आईंसाठी टोपी विसरू नकोस, दुपारी ऊन कडक असतं.

नानाकाका