फेब्रुवारीत आईबाबांना घेऊन नागानो: बर्फात झेपेल का?

मीनल_नाशिक
नमस्कार मंडळी. येत्या फेब्रुवारीत आईबाबांना जपान दाखवायचा बेत आहे. बाबा 67 वर्षांचे, गुडघे थोडे कुरकुरतात. आई 62, पूर्ण शाकाहारी. दोघांनी आजवर बर्फ पाहिलेला नाही आणि बाबांची ती फार जुनी इच्छा आहे. पाच दिवसांत नागानो, गरम पाण्यात बसणारी माकडं, ताकायामा आणि शिराकावा-गो करायचं म्हणते. थंडीचीच काळजी वाटते. जॅकेट कोणती घ्यावीत? अनुभवी लोकांनी कृपया सांगा.

नागाओकाकर
मीनलताई, मी सात वर्षं नागाओकात राहतोय. नागानोच्या शेजारच्या नीगाता प्रांतातलं हे शहर. थंडीची काळजी करू नका. फेब्रुवारीत नागानो शहरात रात्री पारा शून्याखाली तीन-चार अंश जातो, ते स्वेटर-जॅकेटात निभतं. काळजी करा ती पायांची.

इथला बर्फ म्हणजे आपला घाटमाथ्यावरचा पाऊस समजा. सायबेरियाहून येणारा कोरडा वारा जपानच्या समुद्रावरून वाफ उचलतो आणि डोंगराला अडतो. महाबळेश्वर झोडपलं जातं आणि वाई कोरडी राहते ना, अगदी तसंच. टोकियोत लख्ख ऊन आणि डोंगराच्या अलीकडे माणूसभर बर्फ. इइयामा रेल्वेमार्गावरच्या मोरिमियानोहारा स्टेशनात 1945 च्या फेब्रुवारीत 7.85 मीटर बर्फ साचला होता. त्या उंचीचा खांब तिथे उभा आहे. मी त्याच्याखाली उभा राहून वर पाहिलं तेव्हा आकडा खरा कळला.

हा बर्फ ओला आणि जड असतो. आमच्याकडे रस्त्याच्या मधोमध नळ्या बसवल्या आहेत, त्यातून भूजलाचे फवारे उडतात आणि बर्फ वितळतो. पाण्यातल्या लोहामुळे रस्ते तांबूस झालेत, थेट आपल्या कोकणातल्या वाटांची आठवण येते. पण त्या फवाऱ्यांत साधे बूट मिनिटभरात भिजतात. म्हणून बाबांना गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घ्या, इथे आल्यावर घ्या, हार्डवेअरच्या मोठ्या दुकानात स्वस्त मिळतात. तळ बर्फासाठीचा आहे ना, ते विचारा.

पहिल्या हिवाळ्यात मी पडलो तो झेब्रा क्रॉसिंगच्या पांढऱ्या पट्ट्यावर. रंगावर पातळ बर्फ धरतो आणि दिसत नाही. मनगट दीड महिना प्लास्टरमध्ये होतं. शेजारच्या आजींनी दुसऱ्या दिवशी मला अंगणात चालायला शिकवलं: पाऊल छोटं, पूर्ण तळवा एकदम टेकवायचा, हात खिशाबाहेर. या आजी ऐंशीच्या पुढच्या आहेत आणि पहाटे पाचला ‘ममासान डंप’ ढकलत असतात. दोन्ही हातांनी रेटायचं मोठं सुपासारखं फावडं ते. बायकांनाही झेपावं म्हणून ते नाव पडलं. आणखी एक, छपराच्या कडेखाली फोटोला कधीही उभं राहू नका. वरून अख्खा थर एकदम येतो.

पाच दिवसांत चार ठिकाणं बाबांना त्रासदायक होतील. माझं ऐका, नोझावा ओनसेन या नागानोतल्या गरम झऱ्यांच्या गावात तीन रात्री मुक्काम करा. टोकियोहून ‘हाकुताका’ ही बुलेट ट्रेन घ्या (‘कागायाकी’ इइयामाला थांबत नाही), दोन तासांच्या आत इइयामा, पुढे बसने पंचवीस मिनिटं. गावात 13 सार्वजनिक स्नानगृहं आहेत, गावकरी स्वतः सांभाळतात. पाणी फार कढत असतं, आधी पाय बुडवून पाहा. अनोळखी लोकांत विवस्त्र आंघोळ आईंना अवघड वाटेल, तर खोलीसोबत स्वतंत्र स्नानाची सोय असलेली सराय शोधा. ओगामा या गावातल्या गरम झऱ्याच्या कुंडात बायका नोझावाना नावाची पालेभाजी उकडतात. पाणी जवळजवळ 90 अंश, त्यामुळे आत फक्त गावकरीच जातात. पण कठड्याबाहेर उभं राहून ती वाफ, तो हिरवा वास, आणि वर भुरभुरणारा बर्फ! बाबांना हे दाखवाच.

चालत_राहू
माकडांबद्दल: जिगोकुदानीला बस थांब्यापासून जंगलातून पायवाट आहे, तिकिटाच्या खिडकीपर्यंत साधारण दीड किलोमीटर. उन्हाळ्यात सोपी, फेब्रुवारीत दाबून गुळगुळीत झालेला बर्फ. माझ्या आईने बुटांना काटे लावून आणि काठी घेऊन तासाभरात केली, पण तिचे गुडघे धड आहेत. शिराकावा-गो मात्र सोडू नका असं माझं मत. घरांच्या त्या उतरत्या छपरांना ‘गाश्शो’ म्हणतात, म्हणजे जोडलेले हात. आई पाहताच म्हणाली, ‘अगं, हा तर नमस्कार!’ गाव सपाट आहे आणि ताकायामाहून बस पन्नास मिनिटांत नेते.

नागाओकाकर
@चालत_राहू, पटतंय. मग माकडं गाळा, नोझावा आणि शिराकावा-गो ठेवा, मधला एक दिवस प्रवासाला मोकळा सोडा. जोराचा बर्फ असला की गाड्या थांबतात.

जेवणाचं: सोबाच्या (इथल्या शेवयांच्या) रस्स्यातही माशाचा अर्क असतो. नागानोत ओयाकी मिळते, कणकेत भाजीचं सारण भरून भाजलेली किंवा वाफवलेली. भोपळ्याची मागा, पण सारणात मासा नाही ना, हे दरवेळी विचारा. मेतकूट आणि तूप घेऊन या. इथला कोशिहिकारी तांदूळ चिकट आणि गोडसर, त्यावर मेतकूट म्हणजे आजारपणातल्या मऊ भाताची आठवण. माझी आई आली होती तेव्हा तिने चार दिवस तेच खाल्लं, आनंदाने.

बुटांचं माप इथे सेंटिमीटरमध्ये असतं. बाबांचा पाय जाड मोजा घालून कागदावर ठेवा, टाच ते अंगठा मोजा.

मीनल_नाशिक
दोघांचे मनापासून आभार. माकडं रद्द, आईला सांगितलं. बाबा लगेच कागद घेऊन बसले. 26.5 आलं.