दंड वेगळा, परतावा वेगळा

अमेरिकेत ॲमेझॉनने नीट संमती न घेता लोकांना प्राइमचं सशुल्क सदस्यत्व दिल्याचं आणि ते रद्द करणं अवघड ठेवल्याचं प्रकरण अडीच अब्ज डॉलर भरून मिटवलं आणि ग्राहकाच्या हाती भोपळा, असं काहीजण म्हणतात. हे अर्धंच खरं. सप्टेंबर २०२५च्या तडजोडीत १ अब्ज डॉलर हा दिवाणी दंड, तो सरकारकडे जातो. उरलेले दीड अब्ज ग्राहकांच्या परताव्याचे, माणशी कमाल ५१ डॉलर. रक्कम किरकोळ आहे, मान्य.

पण खटला भरणाऱ्या एफटीसीला (अमेरिकेची ग्राहकहित जपणारी सरकारी संस्था) परतावा मागता आला तो कशाच्या जोरावर, हे बघा. २०२१ मध्ये अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने एएमजी कॅपिटल खटल्यात एफटीसी कायद्याच्या १३(ब) कलमाखाली ग्राहकांचे पैसे परत मिळवायचं तिचं दार बंद केलं. म्हणून ऑनलाइन सदस्यत्वांचा २०१०चा कायदा, रोस्का, कामी आला: अटी आधी स्पष्ट सांगा, संमती घ्या, मगच पैसे कापा, आणि रद्द करायची सोपी सोय ठेवा. त्याचा भंग सिद्ध झाला की दंड आणि परतावा दोन्ही मागता येतात. अटी दाखवण्याआधीच कार्डाचे तपशील घेणं हा भंगच, असं न्यायाधीशांनी ज्यूरी बसण्याआधीच ठरवलं होतं. कंपनीची बाजू तिथेच लंगडी पडली.

प्राइम रद्द करण्याच्या वाटेबद्दल एफटीसीच्या तक्रारीत मोजदाद आहे: चार पानं, सहा क्लिक, पंधरा पर्याय. (कुणीतरी बसून मोजलंय!) तडजोडीनुसार आता प्राइम नाकारायचं बटण ठळक हवं, आणि 'नको, मला मोफत डिलिव्हरी नको' असली खजील करणारी बटणं बंद.