दिवाळी अंकातलं लाटणं आणि त्या काळची नवरा-बायको मंडळी

माळा आवरताना साठ-सत्तरच्या दशकातल्या दिवाळी अंकांचा गठ्ठा सापडला, चाळत बसलो तर निम्म्या व्यंगचित्रांत तीच जोडी, धिप्पाड बायको दाराआड लाटणं घेऊन उभी आणि किडमिडीत नवरा चपला हातात धरून चोरपावलांनी आत. नाहीतर बायको माहेरी निघाली म्हणून स्टेशनवर खुललेला नवरा. तुमच्या घरी हे कोण वाचायचं, कोण हसायचं? लिहा बिनधास्त. (खाली आलेली उत्तरं, प्रत्येक परिच्छेद वेगळ्या वाचकाचा.)

आमच्याकडे 'आवाज' कपाटावर, पोरांचा हात पोचू नये म्हणून. मधुकर पाटकरांनी 1951 ला सुरू केलेला अंक, त्यातली खिडकीचित्रं फेमस. पानाला कापून भोक पाडलेलं, त्यातून जोडपं भलत्याच अवस्थेत दिसायचं, पान उलटलं की नवरा बिचारा बायकोच्या पायातला काटा काढतोय, असलं काहीतरी. आमची आजी हे भिंग लावून बघायची बरं का, आणि आजोबा आले की अंक उशीखाली.

चाळीत लाटणं उगारलेलं मी तरी कधी बघितलं नाही. पट्टा बघितलाय, नवऱ्याच्या हातात. त्यावर व्यंगचित्र नव्हतं कुठल्या अंकात.

माझी मावशी मुंबईत फोर्टात स्टेनो होती, साहेब सांगेल ते शॉर्टहँडमध्ये भराभर टिपून घेणारी. स्टेनो म्हणजे साहेबाच्या मांडीवर आणि बायको नेमकी केबिनचं दार उघडते, हे चित्र दर दिवाळीला ठरलेलं. मावशीला बघायला आलेल्यांनी चक्क विचारलं, साहेबांचं वय काय? तिचा शॉर्टहँडचा स्पीड मिनिटाला 120 शब्द होता, तो नाही विचारला कुणी.

इकडे अमेरिकेत तरी काय वेगळं होतं! न्यू जर्सीत एका जुन्या वस्तूंच्या दुकानात चेस अँड सॅनबॉर्न कॉफीची 1952 ची जाहिरात फ्रेम करून लावलेली, नवऱ्याने बायकोला मांडीवर पालथं घालून हात उगारलाय, का तर तिने कॉफी ताजी आहे का ते दुकानातच तपासून घेतली नाही. 'आय लव्ह लुसी' या त्या काळच्या टीव्ही मालिकेत पण नवरा रिकी बायकोला, लुसीला, असेच फटके देतो आणि मागून हशा. आमचे हे म्हणाले घेऊया, किचनमध्ये लावू. म्हटलं लावाच, आणि कॉफी करायला तुम्हीच उठा.

सगळंच टाकाऊ नव्हतं हां. व्यंगचित्रकार शि. द. फडणीसांचं 'मोहिनी' मासिकाचं मुखपृष्ठ आठवा, पन्नासच्या दशकातलं, तिच्या साडीवर मांजरं, त्याच्या शर्टावर उंदीर, खाली एक शब्द नाही. म्हटलं तर तोच जुना जोक, पण कुणाचा अपमान नाही. (आता त्या दोघांचं लग्न झालेलं होतं असं चित्रात कुठे लिहिलंय म्हणा!)